चित्रं बघताना : स्टकिस्टांच्या प्रदर्शनावरचे तुमचे प्रश्न

गेल्या अंकात लिव्हरपूलच्या 'द स्टकिस्ट्स पंक व्हिक्टोरियन' या प्रदर्शनाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही जण चिडलेत, काही जणांना एकदम आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतेय.

प्रश्न : ताई, हे स्टकिस्ट म्हणजे नक्की कोण ते मला नीट कळलंच नाही. आणि चित्रांच्या एका प्रदर्शनावरून एवढा गदारोळ कशासाठी?

तुमचं बरोबर आहे, मी तिथे फारच घाईत लिहिलं होतं. पहिल्यापासून सांगते.

बिली चाइल्डिश आणि चार्ल्स थॉमसन या दोन इंग्रज चित्रकारांनी १९९९ मध्ये हा गट काढला, सुरुवातीला १३ जण होते. नावाचा किस्सा असा की ट्रेसी एमिन ही आता खूप नावाजलेली कलाकार एकेकाळी चाइल्डिशची मैत्रीण होती, आणि ती एकदा त्याच्यावर वैतागून म्हणाली की तुझी चित्रं अडकलीयत, तूच अडकलायस, स्टक, स्टक, स्टक! चाइल्डिशने ते आपल्या कवितेत घातलं, थॉमसनने त्या शब्दावरून गटाचं नाव ठेवलं. म्हणजे जी शिवी मिळाली तीच त्यांनी पाटीवर लिहून दाराबाहेर लावली. मला ही गोष्ट फार आवडते.

म्हणणं काय होतं त्यांचं? की रंग आणि ब्रश घेऊन माणसं, घरं, मांजरं, भांडणं, जे काय आपल्या आयुष्यात आहे ते काढायचं, बघणाऱ्याला ओळखू येईल असं. आणि त्या वेळी ब्रिटनमध्ये ज्याचा बोलबाला होता, म्हणजे कन्सेप्चुअल आर्ट, कल्पनेलाच कलाकृती मानायचं, शार्क फॉर्मलिनमध्ये ठेवायचा, न आवरलेला पलंग गॅलरीत मांडायचा (हा पलंग एमिनचाच, १९९९ च्या टर्नर प्राइझच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या आजच्या कलेच्या मोठ्या बक्षिसाच्या अंतिम यादीत होता), त्याला यांचा कडाडून विरोध. २००० पासून हे लोक टर्नर प्राइझच्या वेळी टेट ब्रिटनच्या, म्हणजे हे बक्षीस देणाऱ्या लंडनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या दाराशी विदूषकाचे कपडे घालून निदर्शनं करायला लागले. २००२ मध्ये लंडनच्या व्हाइट क्यूब गॅलरीसमोर शवपेटी नेऊन ठेवली, कन्सेप्चुअल आर्ट मेली म्हणून. थॉमसन तर २००१ ची निवडणूक लढला, तीही थेट तेव्हाच्या सांस्कृतिक मंत्र्यांच्या मतदारसंघातून. मतं मिळाली १०८.

तर अशा, दाराबाहेर उभं राहून ओरडणाऱ्या लोकांना २००४ मध्ये लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीने आत बोलावलं. वॉकर ही काही गल्लीतली गॅलरी नाही, १८७७ पासूनची आहे, राष्ट्रीय दर्जाची आहे. १८ सप्टेंबर २००४ ते २० फेब्रुवारी २००५, पाच महिने, ३७ चित्रकार, अडीचशेहून जास्त चित्रं, आणि हे सगळं लिव्हरपूल बिएनालेचा, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलामहोत्सवाचा भाग म्हणून, जिथे एरवी इन्स्टॉलेशनवाल्यांची (खोलीभर वस्तू मांडून केलेली कलाकृती) आणि व्हिडिओवाल्यांची चलती. त्याच शहरात टेटचीही शाखा आहे. आता कल्पना करा, ज्यांना कलाजगत हौशी म्हणून झटकून टाकत होतं त्यांना सरकारी पैशाच्या म्युझियमने एवढी भिंत दिली. गदारोळ मुख्यतः त्या भिंतीवरून होता, चित्रं कशी आहेत हा मुद्दा नंतर आला.

प्रश्न : मी ती चित्रं शोधून बघितली. स्पष्ट बोलते, बरीचशी शाळेतल्या मुलाने काढल्यासारखी आहेत. ज्यांना जमत नाही तेच लोक जमणाऱ्यांवर राग काढत होते, असं नाही का?

तुम्ही स्वतः शोधून बघितलीत हे आधी छान केलंत, कारण माझ्याकडे आलेल्या पत्रांत दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्या निम्म्या लोकांनी एकही चित्र बघितलेलं दिसत नाही.

बरीचशी कच्ची आहेत, मान्य. अडीचशे चित्रं एकदम लावली की त्यात कच्ची असणारच, आणि मला विचाराल तर तिथेच चूक झाली, ऐंशी लावली असती तर लोकांनी जास्त थांबून बघितली असती. थॉमसन आर्ट कॉलेजात पेंटिंगच्या पदवीला नापास झालेला आणि चाइल्डिशला सेंट मार्टिन्स या लंडनच्या आर्ट कॉलेजातून काढून टाकलेलं, हेही खरं. पण म्हणून 'जमत नव्हतं' म्हणणं मला पटत नाही. ओबडधोबडपणा दोन प्रकारचा असतो, एक हात वळत नाही म्हणून आलेला, आणि एक गुळगुळीतपणा नको म्हणून मुद्दाम ठेवलेला, आणि कुठला कुठला आहे ते एकेक चित्र बघूनच कळतं, गटाचं नाव वाचून नाही.

थॉमसनचं सगळ्यात गाजलेलं चित्र घ्या, २००० सालचं, टेटचे तेव्हाचे संचालक सर निकोलस सेरोटा खरेदीचा निर्णय घेतायत. दोरीवर भलीमोठी लाल चड्डी वाळत घातलीय, मागे चष्मा घातलेले सेरोटा हसतायत, आणि प्रश्न असा की ही चड्डी म्हणजे एमिनची खरी कलाकृती आहे, किंमत दहा हजार पौंड, की कवडीमोल नक्कल? जाड काळी रेघ, आत सपाट भरलेला रंग, छाया वगैरे काही नाही. पोस्टरसारखं आहे. पहिल्यांदा बघितलं की पटकन भिडतं, दुसऱ्यांदा बघितलं की कळतं यात विनोद संपला की चित्रही संपलं. याच चित्रावरून सगळे त्यांना ओळखतात, हे त्यांचं दुर्दैव.

कारण त्याच गटात फिलिप अ‍ॅब्सोलन आहे. बराच काळ बेकारीत काढलेला माणूस. त्याच्या 'जॉब क्लब' या चित्रात काम शोधायला आलेल्या माणसांच्या जागी सांगाडे आहेत. ते सांगाडे घाबरवत नाहीत, थकलेले दिसतात. हाडांना थकवा कसा दाखवायचा हो? पाठीचा कणा किती वाकवायचा, कवटी कुठे झुकवायची, हे ज्याने स्वतः त्या खुर्चीत बसून बघितलंय त्यालाच सुचतं. हे चित्र डोक्यातून जात नाही. इथे मला कुणी 'शाळेतल्या मुलासारखं' म्हटलं तर मी भांडेन.

आणि आणखी एक, तुम्ही जिथे हे प्रदर्शन होतं त्या इमारतीचा विचार करा. वॉकरची ओळखच मुळी व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या चित्रांसाठी, तिथे जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराचं 'इझाबेला' आहे. १८४९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत, म्हणजे चित्रकारांच्या मानाच्या संस्थेत लागलं तेव्हा मिले १९ वर्षांचा होता. जेवणाचं टेबल आहे, डावीकडे पुढे बसलेला भाऊ अडकित्त्यासारख्या चिमट्याने कवचाचं फळ फोडतोय आणि त्याच वेळी पाय लांब करून बहिणीच्या कुत्र्याला लाथ मारतोय, तो पाय इतका सरळ, इतका लांब आहे की आधी वाटतं चुकलाच चित्रकार. बहीण मान खाली घालून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून आहे. आणि ती बसलीय त्या आसनाच्या लाकडात तीन अक्षरं कोरलीत, पी आर बी, म्हणजे प्री-राफेलाइट ब्रदरहुड. तोही पोरांचा गटच, १८४८ मध्ये अकॅडमीच्या शिकवणीला कंटाळून काढलेला. १८५० मध्ये मिलेने सुताराच्या दुकानातला बाळ येशू प्रदर्शनात लावला तर खुद्द कादंबरीकार डिकन्सने त्याची सालटी काढली, किती कुरूप माणसं काढलीत म्हणून. ते चित्र आज टेटमध्ये आहे.

याचा अर्थ स्टकिस्टही उद्या मिले ठरतील असं मी अजिबात म्हणत नाहीये, बहुतेक जण ठरणार नाहीत. पण प्रदर्शनाच्या नावात 'व्हिक्टोरियन' उगाच नव्हतं, आणि ती चित्रं त्या छपराखाली लावणं हा वॉकरचा निर्णय मला धाडसाचा आणि बरोबर वाटतो.

प्रश्न : टेटने त्यांची फुकट दिलेली चित्रंसुद्धा घेतली नाहीत असं वाचलं. हा सूड नव्हे तर काय?

सूड होता असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. झालं ते असं की २००५ मध्ये वॉकरमधलं प्रदर्शन संपल्यावर स्टकिस्टांनी दीडशेहून जास्त चित्रं टेटला भेट म्हणून देऊ केली. टेटने नाही म्हटलं, कारण दिलं की दर्जा, नावीन्य आणि विचारातला वेगळेपणा या दृष्टीने ती राष्ट्रीय संग्रहात कायमची जपून ठेवण्याइतकी नाहीत. आता भेट नाकारायचा हक्क म्युझियमला असतोच, फुकटचं चित्रसुद्धा ठेवायला जागा लागते, हवामान राखावं लागतं, माणसं लागतात. पण दीडशेमधलं एकही नाही? दोन घेतली असती, चार घेतली असती. ब्रिटनमध्ये त्या दशकात चित्रकलेवरून एवढं भांडण झालं, त्याचा पुरावा म्हणून तरी. इथे मला टेटचं चुकलंच असं वाटतं.

आणि गंमत पुढे आहे. त्याच वर्षी टेटने क्रिस ओफिली या चित्रकारांची 'द अपर रूम' विकत घेतली, माकडांची १३ चित्रं, अक्रोडाच्या लाकडाच्या खास बांधलेल्या खोलीत मांडलेली. किंमत करासकट ७,०५,००० पौंड. आणि ओफिली तेव्हा टेटचेच विश्वस्त होते, इतर कलाकारांनी टेटला आपलं काम दान करावं असं आवाहनही त्यांनी केलं होतं. थॉमसनने काय केलं, ब्रिटनचा माहिती अधिकाराचा कायदा १ जानेवारी २००५ पासून लागू झालाच होता, त्याखाली बैठकींचे कागद मागवले आणि प्रकरण लावून धरलं. धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनने २००६ मध्ये सांगितलं की विश्वस्ताकडून खरेदी करताना जी परवानगी घ्यायला हवी होती ती टेटने घेतलेली नव्हती, आणि हे फक्त ओफिलींच्या बाबतीत नव्हे तर कित्येक वर्षं विश्वस्त कलाकारांच्या बाबतीत चालत आलं होतं. कुंपणच शेत खातंय असं म्हणण्याइतकं ते नसेल, कुणी पैसे लाटल्याचं कुणी म्हटलं नाही, पण कुंपणाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं हे उघड झालं. टेटला खरेदीचे नियम सुधारावे लागले.

मला या सगळ्यात स्टकिस्टांचं मोठं काम कुठलं वाटतं तर हे. विदूषकाच्या टोपीपेक्षा तो एक अर्ज जास्त उपयोगी पडला. पैसा लोकांचा आहे तर कोण ठरवतं, कसं ठरवतं, कुणाकडून घेतं, हे विचारायचा हक्क नापास झालेल्या चित्रकारालाही आहे, आणि त्याने विचारलं.

ओफिलींची ती खोली मात्र सुंदर आहे हो, त्यांच्यावर राग काढू नका. आणि तेही रंगानेच चित्रं काढतात, १९९८ चं टर्नर प्राइझ त्यांना चित्रांसाठीच मिळालंय. 'तिथे चित्रकलेला जागाच नव्हती' हे स्टकिस्टांचं म्हणणं तेवढं खरं नव्हतं.

प्रश्न : माझी मुलगी आर्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला माणसं काढायला आवडतात. वर्गात तिला जुनाट म्हणतात. तुमचा लेख वाचून ती म्हणते, जे चित्र काढत नाहीत ते कलाकारच नाहीत. मी काय सांगू तिला?

ते वाक्य स्टकिस्टांच्या १९९९ च्या जाहीरनाम्यातलं आहे, वीस मुद्दे आहेत त्यात, त्यातलं हे सगळ्यात जास्त फिरणारं आणि माझ्या मते सगळ्यात चुकीचं. मार्टिन क्रीड या कलाकाराच्या रिकाम्या खोलीत दिवे दर पाच सेकंदांनी लागतात आणि विझतात, त्याला २००१ चं टर्नर प्राइझ मिळालं, स्टकिस्टांचा नुसता संताप झाला. मलाही ते काम फारसं काही देत नाही. पण मला काही देत नाही म्हणून तो माणूस कलाकार नाही, हे कसं म्हणू? तिला वर्गातली मुलं जे करतायत तेच ती उलट बाजूने करायला लागलीय, एवढं फक्त तिच्याशी बोला, ओरडू नका. दुखावलेलं माणूस असं बोलतं, चाइल्डिशही दुखावलेलाच होता.

त्याच जाहीरनाम्यातला आणखी एक मुद्दा तिला वाचायला द्या. ते म्हणतात आम्ही करिअर करणारे कलाकार नाही, हौशी आहोत, आणि हौशी या अर्थाचा त्यांचा शब्द, 'अमॅच्युअर', लॅटिनमधल्या 'प्रेम करणे' या क्रियापदावरून आलाय. म्हणून ते जोखीम घेऊ शकतात, चुकू शकतात, सगळ्यांसमोर वाईट चित्र काढू शकतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला याहून मोलाचं काय सांगणार? तिला माणसं आवडतात ना, मग रोज एक माणूस काढू दे, फोटोवरून नको, समोर बसवून, तुम्हीच बसा अर्धा तास. हात काढायला सांगा, हातात चोरी करता येत नाही. वर्ष संपेपर्यंत तीनशे होतील, त्यातली वीस बरी असतील, आणि ती वीस बघून वर्गातलं कुणी जुनाट म्हणालं तर म्हणू दे.

आणि गॅलरीची वाट बघू नका. पांढऱ्या भिंतींच्या थंड गॅलऱ्या नकोत, चित्रं घरात लावा, सोफा असू दे, टेबल-खुर्च्या असू देत, हातात चहाचा कप असू दे, असंही त्या जाहीरनाम्यात चक्क लिहिलंय. चाइल्डिश २००१ मध्येच गटातून बाहेर पडला, थॉमसनची स्वतःची लंडनमधली गॅलरी तीन वर्षांत बंद झाली, पण हा मुद्दा मला अजून पटतो. बाहेरची खोली एक दिवस रिकामी करा, वीस चित्रं लावा, शेजारच्यांना बोलवा. आणि तिच्या वर्गातल्या त्या मुलांनाही बोलवा, त्यांना नक्की बोलवा.