पॅरालिसिसनंतर पाण्यातला व्यायाम : तुमचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ६८, आम्ही अण्णा म्हणतो) पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली होती. आता पायात स्प्लिंट आणि हातात काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण पडायच्या भीतीने पाऊलच टाकत नाहीत, दोन पावलं झाली की भिंत धरतात. बिल्डिंगमधले एकजण म्हणाले पाण्यात व्यायाम करवा, लवकर फरक पडतो. खरंच पडतो का? दादरचा महापालिकेचा तलाव आम्हाला जवळ आहे, तिथे नेलं तर चालेल? बीपी आणि शुगर दोन्ही आहे.
– एक सून, लालबाग

उत्तर : ताई, फरक पडतो, पण सगळ्यात नाही पडत. बोलणं अडखळतंय किंवा बोटं उघडत नाहीयेत, तर त्यासाठी पाण्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तोल आणि चालणं, इथे उपयोग होतो आणि अण्णांचं दुखणं नेमकं तेच आहे.

पाण्यात अंग हलकं होतं हे सगळ्यांना माहीत असतं पण किती हलकं होतं ते ऐका. कमरेपर्यंत पाणी असेल तर पायांवर जवळपास निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं की साधारण एक तृतीयांश, आणि मानेपर्यंत तर जेमतेम एक दशांश. म्हणजे अण्णा ७२ किलोचे असतील तर छातीभर पाण्यात पायांना २४-२५ किलोच पेलायचे. शिवाय पाणी हालचालीला अडवतं, त्यामुळे तोल गेला तरी माणूस धाडकन खाली येत नाही, हळूहळू कलतो, आणि तेवढ्या वेळात सावरायचं कसं हे मेंदूला शिकायला मिळतं. जमिनीवर तेवढा वेळ मिळतच नाही, तोल गेला की गेला. म्हणून मला विचाराल तर पाण्याचा मोठा फायदा ताकद वाढण्यात नाही, भीती कमी होण्यात आहे.

आता कोणी चमत्कार वगैरे सांगत असेल तर जरा थांबा. २०११ साली कॉक्रेन या संस्थेने या विषयावरचे अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा त्यांच्या कसोटीला उतरलेले चारच निघाले, सगळे मिळून ९४ पेशंट, आणि त्यावरून ठाम काही सांगता येत नाही असंच त्यांनी म्हटलं. नंतरच्या अभ्यासांत तोल आणि चालणं सुधारलेलं दिसलंय, पण तेही बहुतेक छोटेच अभ्यास आहेत. त्यामुळे जमिनीवरचे व्यायाम अजिबात बंद करू नका, पाण्यात जे जमलं ते त्याच आठवड्यात घरच्या लादीवर करून घ्यायचं, नाहीतर अण्णा पूलमध्ये मस्त चालतील आणि घरी परत भिंत धरतील.

दादरच्या तलावाचं म्हणाल तर सुरुवातीला नको. तलाव वाईट आहे म्हणून नाही, तो पोहण्यासाठी आहे म्हणून. पोहण्याच्या पूलचं पाणी साधारण २६ ते २८ डिग्री ठेवतात, थेरपीला ३३ ते ३५ लागतं. गार पाण्यात अंग कडक होतं, आधीच आखडलेला पाय अजून आखडतो, टाच टेकत नाही आणि पाऊल आत वळतं. जिथे पाणी कोमट असतं, उतरायला रॅम्प किंवा रेलिंगवाल्या रुंद पायऱ्या असतात आणि न्यूरोचं (म्हणजे मेंदू आणि नसांच्या पेशंटचं) काम केलेला फिजिओ स्वतः पाण्यात उतरतो, काठावर उभा राहून सूचना देत नाही, असं सेंटर शोधा. फोनवरच तीन गोष्टी विचारा, पाणी किती डिग्री, आत कसं उतरवता, आणि पाण्यात पेशंटसोबत कोण असतं. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर पुढचं सेंटर बघा.

चांगला थेरपिस्ट अण्णांच्या उजव्या बाजूला उभा राहील, हात कमरेच्या हाडावर ठेवेल, उजवा दंड धरून ओढणार नाही (हे घरच्यांनी पण लक्षात ठेवा, लुळा हात ओढला की खांदा निखळतो). पहिल्या दिवशी कदाचित चालवणारही नाही, पाण्याला तोंड लावून फुंकर मारायला सांगेल. हसू येईल पण ती फुंकर महत्त्वाची, तोंडाशी पाणी आलं की श्वास रोखण्याऐवजी बाहेर सोडायची सवय त्यातून लागते. हॅलिविक म्हणून एक पद्धत आहे, जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ मधे लंडनच्या एका शाळेतल्या अपंग मुलींसाठी सुरू केलेली, तिच्यातलं पहिलं काम हेच, पाण्याची आणि श्वासाची ओळख. मग आडवी पावलं, वळणं, एका पायावर उभं राहणं आणि थेरपिस्टने मुद्दाम पाणी घुसळून तोल घालवायचा, अण्णांनी सावरायचा. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरे.

आधी डॉक्टरांना विचारायचंच. बीपी ताब्यात नसेल, ताप असेल, उघडी जखम किंवा बेडसोअर असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, फिट्स येत असतील किंवा हार्ट फेल्युअर असेल तर पाणी नको. हार्टचं कारण असं की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयाला एकदम जास्त काम पडतं. जेवताना ठसका लागतो का तेही आवर्जून सांगा, ज्याला चहा नीट गिळता येत नाही त्याच्या तोंडात पूलचं पाणी गेलं तर ते सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. शुगर असल्यामुळे रिकाम्या पोटी उतरवू नका आणि तळपाय आधी-नंतर नीट बघा, बधिर पायाला खरचटलेलं कळत नाही.

आणि ताई, खरा धोका बऱ्याचदा पाण्याबाहेरच असतो. स्प्लिंट तर काढून ठेवावा लागतो, म्हणजे खुर्चीपासून पायरीपर्यंतची ओली लादी अण्णा स्प्लिंटशिवाय चालणार. पाण्यात चालतील असे रबरी बूट घ्या आणि शक्यतो व्हीलचेअरनेच काठापर्यंत न्या. बाहेर येताना सगळं वजन एकदम परत अंगावर येतं, पाय शिशाचे वाटतात, बीपी उतरून चक्कर पण येते, म्हणून शेवटच्या पायरीवर जरा थांबायचं आणि वर आलं की लगेच बसायचं. जाण्याआधी लघवीला नेऊन आणा कारण पाण्यात जास्त लागते. ओले कपडे एका हाताने निघत नाहीत त्यामुळे ढिल्या इलॅस्टिकची हाफ पँट, आणि चेंजिंग रूममधे बसायला स्टूल आहे का ते आधीच बघून ठेवा.

प्रश्न : वय ४८, दीड वर्षापूर्वी माइल्ड स्ट्रोक, डावा हात थोडा कमी चालतो, बाकी ऑफिस, लोकल सगळं चालू. लहानपणी गावाला विहिरीत पोहायचो. परत पोहू शकतो का? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : दादा, बहुतेक पोहू शकाल, पण विहिरीतला सूर विसरा. सूर मारणं, श्वास रोखून पाण्याखाली लांब जाणं, दोन्ही बंद, श्वास रोखून जोर लावला की बीपी चढतं. स्ट्रोकनंतर एकदाही फिट आली असेल तर न्यूरोलॉजिस्टने हो म्हटल्याशिवाय पाण्यात पाऊल नको. पहिले काही दिवस उथळ बाजूला, आधी नुसतं तरंगून बघा, एक बाजू कमी चालत असली की अंग कलंडायला लागतं आणि आधी पोहता येत असलेला माणूस त्यानेच घाबरतो. लाइफगार्डला स्ट्रोकचं सांगून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गोळीमुळे काठावर हात आपटला तरी काळंनिळं होईल, डोक्याला मार लागला तर मात्र घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : मिस्टरांना लकवा मारलाय, दीर म्हणतात वज्रेश्वरीच्या गरम कुंडात अंघोळ घातली की हातपाय मोकळे होतात. नेऊ का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : काकू, देवीच्या दर्शनाला जरूर जा, कुंडात नको. गरम पाण्याने आखडलेले स्नायू थोडा वेळ सैल होतात हे खरं, बरं वाटतं ते त्यामुळेच. पण कुंडाचं तापमान कोणाच्या हातात नसतं, पायऱ्या शेवाळलेल्या, गर्दी, आणि लकव्याच्या बाजूला चटका कळतच नाही, घरी आल्यावर फोड दिसतात. (कबुतराच्या रक्ताने मालिश सुचवणारेही भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.)

कोमट पाण्याचा तेवढा फायदा घरीही मिळतो. बादलीत कोमट पाणी घ्या, चांगल्या हाताने किंवा तुमच्या कोपराने गरमपणा बघा, मग लकव्याचा हात मनगटाच्या वरपर्यंत आत सोडायला सांगा आणि दहा मिनिटांनी पाण्यातच बोटं एकेक करून हळू उघडा, अंगठा आधी. जबरदस्ती नाही, दुखलं की थांबायचं. मिस्टर हातवाल्या खुर्चीत बसलेले हवेत आणि बादली स्टुलावर, जमिनीवर ठेवली की ते वाकतील आणि पुढे तोल जाईल.