मोडीशिवाय भोसल्यांवर पीएच.डी. होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए. झालं, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा 'पेट' सुटली, नागपूर विद्यापीठात गाईडही मिळाले. त्यांनी विषय सुचवला 'नागपूरकर भोसल्यांचा राजकीय, सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक इतिहास, १७३० ते १८५३'. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, दोन महिन्यांत द्यायचा आहे, जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी येत नाही, आणि 'इंग्रजी साधनांवर भागवलं तर चालेल का?'

पदवी मिळण्यापुरतं चालतं. असे प्रबंध मी वाचले आहेत, दोनचार तपासलेही आहेत, आणि एकदा भिडेखातर पासही केला आहे. पण तुम्ही इतकं सविस्तर विचारून राहिलात, म्हणजे तुम्हाला नुसती पदवी नको असावी असं धरून चालते.

आधी इंग्रजी साधनांचं बघू. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून कोलब्रुक नागपुरात आला १७९९ मध्ये. कायमची रेसिडेन्सी, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीची (रेसिडेंटची) कचेरी, बसली ती देवगावच्या तहानंतर, आणि १८०४ ते १८०८ एल्फिन्स्टन इथे रेसिडेंट होता. पुढे जेंकिन्स आला, १८२७ पर्यंत राहिला आणि त्याच वर्षी त्याचा मोठा रिपोर्ट छापला गेला. म्हणजे तुमच्या विषयाची पहिली सत्तर वर्षं नागपुरात कायमचा बसून रोजचं लिहिणारा इंग्रज नव्हताच. पहिल्या रघूजींच्या बंगालच्या स्वाऱ्या, भास्करराम कोल्हटकरांचा १७४४ मधला खून, बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याशी १७५१ चा तह, रघूजींचे मुलगे जानोजी-मुधोजी यांची भाऊबंदकी, हे सगळं मोडीत, फारसीत, थोडं बंगालीत. त्यावर इंग्रजीत जे वाचाल ते मागाहून कुणीतरी सांगितलेलं.

बखरीचंही तेच. काशीराव राजेश्वर गुप्त्यांची भोसल्यांची बखर सगळे डोळे मिटून उद्धृत करतात. ती जेंकिन्सच्या सांगण्यावरून लिहिली गेली. राज्य साहेबाच्या हाती, विचारणारा साहेब, सांगणारा भोसल्यांच्या दरबारातला जुना माणूस. कुठे आवाज चढला आहे आणि कुठे आवंढा गिळला आहे, हे समकालीन पत्रं शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि ती पत्रं मोडीत आहेत. तेव्हा फिरून मोडीपाशीच यावं लागतं.

मोडीची धास्ती मात्र घेऊ नका. पुराभिलेख खात्याचे वर्ग निघतात, त्यांवर लक्ष ठेवा. अक्षरं महिन्याभरात येतात. खरा त्रास पुढे असतो. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं टांगायची, बोरू शक्यतो उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही, असा हा कारभार. आमचे मास्तर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहीत: 'जानोबाईसरुपयेदिले'. जानोबाईला रुपये दिले, की 'बाईस' हे हिंदीतलं बावीस धरून जानोने बावीस रुपये दिले? हिशेबाच्या कागदात रक्कम बहुधा आकड्यातच असते म्हणा, पण मुद्दा समजला असेल. एक खात्रीचा उपाय सांगते. नुसतं वाचू नका, रोज एक पान मोडीत लिहा. किराण्याची यादी लिहिली तरी चालेल. हात वळला की डोळा आपोआप वळतो.

लिपी आल्यावर मी ज्या खड्ड्यात पडले तो तारखांचा. जरा विस्ताराने सांगते, कारण यात माझी वीस पानं गेली.

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मला बघायला मिळाले होते. त्यात एक पत्र निघालं. खाली 'छ ७ रजब, सु॥ खमस खमसैन मया व अलफ'. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तिथी. सु॥ म्हणजे सुहूर सन, आणि ते अरबी शब्दांत: खमस पाच, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. झाले ११५५. पुस्तकात वाचलं होतं की सुहूर सनात ५९९ मिळवायचे. मिळवले, १७५४ आले. पत्रात जानोजी स्वतःच्या नावाने हुकूम सोडतात. रघूजी वारले फेब्रुवारी १७५५ मध्ये. म्हणजे बाप जिवंत असतानाच थोरल्या लेकाने कारभार हाती घेतला होता! मी हरखलेच. त्यावर एक आख्खं प्रकरण रचलं, आधीच्या दोन अभ्यासकांना तळटीपेत चिमटेही काढले.

व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक वयोवृद्ध होते. त्यांनी एवढंच विचारलं, 'बाई, त्या सालचा रजब मृगाआधी की मृगानंतर?'

सुहूर सन मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या सुहूर सनात रजब लागला एप्रिलमध्ये, म्हणून पत्र एप्रिल १७५५ चं. रघूजी जाऊन दोन महिने झाले होते. जानोजी करत होते ते कोणताही वारस करील तेच. पानिपतावर ताळा करून बघा: १४ जानेवारी १७६१ ला सुहूर सन चालू होतं ११६१, इहिदे सितैन मया व अलफ. ६०० मिळवले तरच जमतं. हा ताळा मला आधी कुणी सांगितला असता तर व्हायव्हाच्या दिवशी तर्री पोह्यांची प्लेट समोर घेऊन मी रडले नसते.

आता विषय. चार विशेषणं आणि सव्वाशे वर्षं हा प्रबंधाचा विषय नव्हे, गॅझेटियरचा आहे. गाईडशी भांडू नका. विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत (आरआरसीत) भारदस्त मथळा लवकर सुटतो, म्हणूनही ते सुचवत असतील. त्यांना दुसरं काहीतरी नेऊन दाखवा. मला विचाराल तर १८०३ ते १८१७ घ्या. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींचा कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. एवढा वसूल बुडाल्यावर फौजेचा पगार, सावकारांचं देणं, जमिनीचा सारा यांचं काय झालं? पुढे नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांविरुद्ध नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीखाली उभी राहिली, ती कोणत्या पगारावर? या चौदा वर्षांत एका बाजूला मोडी कागद आणि दुसऱ्या बाजूला रेसिडेन्सीची पत्रं अशी समोरासमोर बसतात, आणि एकाचं खोटं दुसऱ्याकडून पकडता येतं. रेसिडेन्सीच्या कागदांतले निवडक एच. एन. सिन्हांनी १९५० पासून खंडांमध्ये छापले आहेत, तिथून सुरुवात करा. मूळ कागदांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या चाळता येतं. पुण्याचं पेशवे दफ्तर मात्र जाऊनच बघावं लागेल.

आणि हो, 'आम्ही इतिहासवाले, लिपी-भाषा हे भाषावाल्यांचं काम' असं विभागात कुणी म्हणालं तर वा. वि. मिराशींचं नाव घ्या. प्राचीन वाकाटक राजांचे कोरीव लेख संपादून ज्यांनी विदर्भाचा प्राचीन इतिहास उभा केला ते याच शहरात संस्कृत शिकवत होते.

दोन महिन्यांचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस सिनॉप्सिसला हातही लावू नका. विभागाचं पत्र घ्या, पुराभिलेखागाराच्या इथल्या शाखेत जा, आणि या काळातलं नेमकं काय हाती लागतं ते यादीवरून उतरवून आणा. सोबत पेन्सिल न्या, पेन आत नेऊ देणार नाहीत. नाकाला रुमाल बांधा, धूळ फार. कागदाचा रुमाल सोडण्याआधी त्याच्या गाठीचा आणि वरच्या चिठ्ठीचा फोटो परवानगी काढून घ्या, कारण आतले कागद कुठल्या क्रमाने होते हे संध्याकाळपर्यंत आठवत नाही. ती यादी इथेच टाका. तारखा मी बघून देईन.