दवाखान्याला दिलेल्या देणगीचं नेमकं काय होतं? पैसे द्यावेत की वस्तू?

मी काही वर्षं अशाच एका लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या दवाखान्यात स्टोअर सांभाळलंय, म्हणजे कपाटाची चावी आणि स्टॉकची वही माझ्याकडे असायची, त्यामुळे सरळच सांगतो. पैसे द्या. वस्तूच द्यायची असेल तर आधी विचारून द्या.

देणगीतला बराचसा पैसा ज्या गोष्टींचा कुणी फोटोसुद्धा काढत नाही अशा गोष्टींवर जातो. ग्लोव्हज, कापूस, गॉज, स्पिरिट, सुया, हात धुवायचा साबण, केसपेपर, वीजबिल. वापरलेल्या सुया टाकायचा डबासुद्धा विकत आणावा लागतो आणि तो गच्च भरायचा नसतो, पाऊण भरला की बंद करून पाठवायचा, त्यामुळे तोही सारखा लागतो.

एकदा एकाने शुगर तपासायची दोन मशीनं दिली, चांगली होती, बॉक्समधल्या पट्ट्या आठवडाभरात संपल्या आणि मग मशीनं ड्रॉवरमध्ये जाऊन बसली कारण त्यांना त्याच कंपनीची पट्टी लागते आणि त्यासाठी पैसेच नव्हते. प्रत्येक तपासणीला एक पट्टी, एक सुई, आणि शुगरचा पेशंट काही एकदाच येत नाही ना. शिवाय पट्ट्यांची बाटली एकदा उघडली की ठरावीक महिन्यांतच संपवावी लागते, म्हणून ढीगभर आणून ठेवून पण उपयोग नाही. मशीन एकदाच लागतं हो, खर्च पट्टीचा आहे.

फ्रिजचं पण तेच. लस 2 ते 8 डिग्रीत ठेवायची, जास्त गार झाली तरी काही लसी वाया जातात, म्हणून दिवसातून दोनदा थर्मामीटर बघून वहीत लिहायचं आणि लाईट गेली की पळापळ. लस फुकट आली तरी ती सांभाळणं फुकट नसतं.

बीपीच्या मशीनचा पट्टा ही अजून एक गोष्ट. जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणजे एखाद्याला उगाच गोळी चालू व्हायची. मोठा पट्टा काही फार महाग नसतो, पण आमच्याकडे कितीतरी दिवस नव्हता, कुणाच्या डोक्यातच आलं नाही (माझ्याही).

आणि घरात उरलेली औषधं प्लीज देऊ नका!! मी एक अख्खी दुपार अशी एक पिशवी निवडत बसलो होतो, अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप, एक्स्पायरीची तारीख नेमकी कापलेल्या भागावर, उघडलेले डोळ्यांचे ड्रॉप. कामाचं जवळपास काहीच निघालं नाही, वर ते नीट नष्ट करायचा खर्च दवाखान्यालाच. औषधांच्या देणगीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचे नियम 1996 पासून आहेत, त्यातही हेच आहे की पेशंटला देऊन परत आलेली औषधं नकोत आणि पोचताना निदान वर्षभर मुदत शिल्लक हवी.

एकदम मोठी रक्कम देऊन 'यातून मशीनच घ्या' म्हणण्यापेक्षा दर महिन्याला थोडे थोडे दिलेत आणि कशावर खर्च करायचे ते त्यांच्यावर सोडलंत तर जास्त उपयोग होतो, कारण मग ऑर्डर आधी देता येते. हिशोब मात्र बिनधास्त मागा, चांगला दवाखाना वही दाखवतो.

वस्तूच द्यायची असेल तर सिस्टरना फोन करून विचारा या महिन्यात काय संपतंय. बहुतेक 'मिडियम साईजचे ग्लोव्हज' असंच ऐकायला मिळेल, तेच कायम आधी संपतात.