बर्फातला रेडिओ ऑपरेटर दिवसभर करतो काय?

'ध्रुवीय मोहिमेत रेडिओ ऑपरेटरला काम ते काय? दोनदा निरोप पाठवला की मोकळा,' असं तुम्ही विचारलंत. मी ध्रुवाच्या आसपासही गेलेलो नाही, पण हॅम, म्हणजे हौशी रेडिओत बरीच वर्षं घालवल्यावर एवढं सांगतो, की निरोप पाठवणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. वीज जपायची, अँटेना उभी ठेवायची आणि कान लावून बसायचं, यातच दिवस सरतो.

'इतालिया' मोहिमेतला रेडिओ ऑपरेटर जुझेप्पे बियाजी याचंच घ्या. २५ मे १९२८ला उत्तर ध्रुवावरून परतताना 'इतालिया' हे एअरशिप नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या ईशान्येला बर्फावर आदळलं. विखुरलेल्या सामानात शॉर्टवेव्हचा छोटा संच शाबूत सापडला. बियाजीने मोडतोडीतून अँटेना उभारली आणि एसओएस सुरू केला. उत्तर नाही! मोहिमेचं जहाज स्वालबार्डमधल्याच किंग्ज बे या उपसागरात, काहीशे किलोमीटरवर होतं. (तिथल्याच न्यू-ऑलेसुंडला आज आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे.) गंमत अशी, की रोमच्या बातम्या त्याला ऐकू यायच्या. जगाचं सगळं कळतंय, पण आपण जिवंत आहोत एवढंच सांगता येत नाही. ऑपरेटरला याहून मोठा छळ नाही.

शॉर्टवेव्ह लहरी वर आयनोस्फिअरपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरापर्यंत जाऊन लांब कुठेतरी उतरतात, मधला पट्टा कोरडाच राहतो. आम्ही त्याला स्किप म्हणतो. शिवाय जहाजावर टेलिग्रामची गर्दी होती. तिथे नीट कान देऊन कोणी बसलं होतं का, यावर पुढे बरीच वादावादी झाली. शेवटी ३ जूनला ती हाक ऐकली रशियातल्या एका खेड्यातल्या निकोलाय श्मिट या हौशी तरुणाने, २००० किलोमीटरहून लांब! पण तोवर धीर सुटून बर्फावरच्यांपैकी तिघे जण पायी निघाले होते. त्यातले हवामानशास्त्रज्ञ माल्मग्रेन परत आलेच नाहीत.

हाच स्किप कधी पावतोही. जानेवारी १९३०मध्ये एर्न्स्ट क्रेंकेल या सोव्हिएत ऑपरेटरने आर्क्टिकमधल्या फ्रान्झ जोसेफ लँड या बेटांवरून थेट अंटार्क्टिकातल्या बर्ड या अमेरिकन संशोधकाच्या तळाशी संपर्क साधला होता. पुढे १९३७-३८मध्ये चौघांचं सोव्हिएत केंद्र तरंगत्या हिमखंडावर २७४ दिवस वाहत गेलं, तेव्हा रेडिओ त्याच्याचकडे. बॅटऱ्या पवनचक्कीवर भरायच्या आणि वारा पडला की हाताने जनित्र फिरवायचं. वाऱ्याची वाट बघत बसायची सोय नव्हती, कारण हवामानाचा अहवाल दिवसातून चारदा जायलाच हवा.

आणि मनाचं काय? ऑस्ट्रेलियन संशोधक मॉसनच्या अंटार्क्टिक मोहिमेत १९१३च्या हिवाळ्यात रेडिओ ऑपरेटर सिडनी जेफ्रीझ रात्र रात्र हेडफोन लावून बसायचा. कानात खरखर, बाहेर वादळ, संदेश लागला तर लागला. त्यातच त्याचं मानसिक संतुलन ढासळलं. सोबती आपल्या जिवावर उठलेत असं त्याला वाटू लागलं, आणि बाकीच्यांनाच वेड लागलंय असा संदेश त्याने मॅक्वारी बेटावरच्या मोहिमेच्या वायरलेस केंद्राला पाठवायचा प्रयत्न केला. बाहेरच्या जगाशी बोलायची एकुलती किल्ली त्याच्याच हातात! अखेर मोहिमेतल्या बिकर्टन या यंत्रज्ञाला वायरलेसचं काम हाती घ्यावं लागलं.