निवडणुकीत एकमेकांची बदनामी करणाऱ्या जाहिराती पाहून मत ठरवावं का? त्यातलं खरं-खोटं कसं ओळखायचं?

तुम्ही पहिल्यांदाच मतदान करणार आहात आणि फोनवर रोज कुणाच्या ना कुणाच्या भानगडी येऊन पडतायत, असं प्रश्नात लिहिलंय. उत्तर द्यायचा माझा अधिकार एवढाच की तालुक्याच्या गावी आमचा ऑफसेटचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं आणि मध्येच कधीतरी निवडणुका. सगळ्या पक्षांचं छापलंय. उधारीही सगळ्याच पक्षांकडे आहे.

विरोधातली जाहिरात म्हणजे वाईटच, असं मी मानत नाही. कौतुकाची पत्रकं मी हजारांनी छापली. 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष' हे शब्द कॉम्प्युटरवर तयारच असतात, फोटो तेवढा बदलायचा. त्यातून मतदाराला काडीचंही कळत नाही. रस्त्याचे पैसे कुठे मुरले हे सांगितलं तर विरोधकच सांगणार, खुद्द आमदार थोडाच सांगणार आहे? म्हणून टीका दिसली की मी आधी मजकूर वाचत नाही, पत्रकाच्या तळाची बारीक ओळ वाचतो. कुणी छापलं, कुणी छापून घेतलं.

ती ओळ हौसेची नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ क. निवडणुकीच्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा. छापून घेणाऱ्याने सही करून घोषणापत्र द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि छापून झाल्यावर घोषणापत्राबरोबर छापील प्रत आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवायची. हे मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! आज एखाद्या मोठ्या फ्लेक्सलाही तेवढे लागतात.

ही ओळ का बघायची ते मला एका विधानसभेला कळलं. मतदानाच्या आदल्या रात्री, आमच्याकडे जिला कत्तल की रात म्हणतात, साडेदहाच्या सुमाराला दोन पोरं पेनड्राइव्ह घेऊन आली. पाच हजार प्रती, रोख पैसे, पहाटे चारला माल हवा. मजकूर होता एका उमेदवाराने देवस्थानाची जमीन लाटल्याचा. पुरावा म्हणून मध्ये वर्तमानपत्राचं कात्रण. मी ते स्क्रीनवर मोठं करून पाहिलं आणि हसायलाच आलं. मथळ्याचं अक्षर ओळखीचं होतं, आम्ही वास्तुशांतीच्या पत्रिकेला वापरतो तेच. वर तारीख नाही, बातमीदार नाही, उजवी कड दातेरी. पेपरवाले कॉलम दोन्ही कडांनी सरळ लावतात. कुणीतरी माझ्यासारख्याच डीटीपीवाल्याने कात्रण 'बनवलं' होतं, वर कडेला फाटल्याचा इफेक्टही दिला होता. "खाली नाव कुणाचं टाकू?" एवढंच विचारलं. पोरं एकमेकांकडे बघत बसली आणि निघून गेली.

सकाळी तेच पत्रक आमच्या दारात पडलेलं, पिवळ्या कागदावर झेरॉक्स काढून. माझ्या काकूने ते घडी करून देवघराच्या फळीवर ठेवलं आणि मतदानाला जाताना बरोबर घेतलं. बनवलेलं कात्रण आहे, मी स्वतः पाहिलंय, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण छापलंय ना?" तो उमेदवार पडला. पत्रकामुळे पडला की पडणारच होता, कोण सांगणार?

याच्या उलट कर्नाटकातला प्रकार घ्या. मे २०२३ मध्ये मतदानाला पाच दिवस असताना काँग्रेसने वर्तमानपत्रांत तेव्हाच्या भाजप सरकारवर 'भ्रष्टाचाराचं दरपत्रक' छापलं. कोणत्या पदाला किती, कोणत्या कामात किती टक्के, हॉटेलच्या मेनूकार्डासारखं. 'चाळीस टक्के कमिशन' हा आरोप तिथल्या कंत्राटदारांच्या संघटनेने आधीच केलेला होता, पण जाहिरातीतले आकडे सिद्ध झालेले नव्हते. दुसऱ्याच दिवशी निवडणूक आयोगाने प्रदेश काँग्रेसला नोटीस काढली की पुरावे द्या. पुढे भाजपच्या बाजूने अब्रुनुकसानीचा खटलाही झाला. जाहिरात तुम्हाला पटो न पटो, तिला धनी होता. नोटीस कुणाच्या नावाने काढायची हा प्रश्न पडला नाही, आणि समोरच्याला उत्तर द्यायला चार-पाच दिवस मिळाले.

हे दिवस फार महत्त्वाचे. १९ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ आठवते का? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला महाराष्ट्रात मतदान. त्या रात्री भाजपने काही ध्वनिफिती प्रसिद्ध केल्या, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज म्हणून, बिटकॉइन या आभासी चलनाचे पैसे निवडणुकीत वापरण्याबद्दल. दोघांनीही साफ इन्कार केला, सुळे यांनी तक्रारही केली. सत्यपडताळणी करणाऱ्यांनी तपासलं तेव्हा त्यातल्या काही फिती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या असण्याची दाट शक्यता निघाली. म्हणजे धनी होता, पण उत्तराला वेळ किती? एक रात्र. तोवर फिती कुठल्या कुठे गेलेल्या. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत अचानक उगवलेल्या भानगडीवर मी मत बदलत नाही. खरंच मोठी असती तर प्रचाराच्या सगळ्या दिवसांत कुणीच काढली नसती का?

तक्रारीवर फार विसंबू नका. टीव्हीवरच्या राजकीय जाहिराती आधी आयोगाने नेमून दिलेल्या समितीकडून तपासून घ्याव्या लागतात, वर्तमानपत्रातल्या फक्त मतदानाच्या आणि त्याच्या आदल्या दिवशीच्या. बाकीच्या वेळी तक्रार आली की मग बघायचं. २०२४ च्या लोकसभेला पश्चिम बंगालमध्ये भाजपच्या तृणमूलविरोधी जाहिराती मेच्या पहिल्या पंधरवड्यात छापून आल्या. कोलकाता उच्च न्यायालयाने त्या थांबवल्या २० मेला आणि तक्रारी वेळेत न हाताळल्याबद्दल आयोगालाच झापलं. सर्वोच्च न्यायालयानेही आदेशात हात घातला नाही. पण २० मे म्हणजे सात टप्प्यांपैकी पाचव्याच्या मतदानाचा दिवस. बंगालमधल्या निम्म्याहून जास्त जागांची मतं त्या संध्याकाळपर्यंत यंत्रात गेली होती.

आता तुमच्या फोनचं. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या राजकीय जाहिरातीखाली पैसे कुणी भरले ते लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या अॅड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या खुल्या संग्रहात, जुन्या जाहिरातीही सात वर्षं राहतात. तिथे शोधून बघा. 'आपला तालुका आपला आवाज' छापाचं एखादं पेज, एकही बातमी नाही, नुसती एकाच उमेदवाराची टिंगल, हे कुणाचं असेल ते समजायला फार डोकं लागत नाही. व्हॉट्सॲपला मात्र ही तळाची ओळच नाही. तिथलं 'जसं आलं तसं पुढे पाठवलं' म्हणजे माझ्या काकूचं पिवळं पत्रक, फक्त झेरॉक्सचा खर्च वाचला.

आणि एक गंमत सांगतो. उमेदवाराविरुद्धची सगळ्यात विश्वासाची जाहिरात उमेदवार स्वतःच पैसे भरून देतो! सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर, ज्याच्यावर गुन्हे दाखल आहेत त्याला ते प्रचाराच्या काळात तीनदा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करावे लागतात. अक्षर किमान १२ पॉइंटचं हवं, असं आयोगाचं म्हणणं. मी सांगतो, १२ पॉइंट म्हणजे काही फार मोठं नव्हे. निविदा आणि हरवल्याच्या सूचना यांच्या शेजारी ते चौकटीत पडलेलं असतं, कुणी वाचत नाही. पण त्यात कलमं असतात, न्यायालय असतं, प्रकरण कुठवर आलंय ते असतं. अर्जाबरोबरचं शपथपत्रही आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं, मालमत्ता आणि कर्जासकट. एखादी भानगड फोनवर आली की मी ती या दोन कागदांत शोधतो. सापडली नाही म्हणजे खोटीच असं नव्हे, पण मग सांगणाऱ्याने कागद दाखवावा.

गेल्या विधानसभेला एक गृहस्थ आले. आमदाराविरुद्ध पत्रक, भाषा जहाल, पण एका रस्त्याच्या निविदेचे आकडे माहिती अधिकारात काढलेले, सोबत झेरॉक्स. घोषणापत्रावर स्वतःची सही केली, दोन साक्षीदार बरोबरच आणले होते. छापलं, हजार प्रती, खाली त्यांचं नाव आणि माझंही. दोन दिवसांनी आमदारांच्या माणसाचा फोन आला, "आमच्याविरुद्ध तुम्ही छापता?" म्हटलं, तुमचंही छापतो की, आणा मॅटर. आणलं. त्यांच्या घरच्या लग्नाच्या पत्रिका अजून तरी माझ्याकडेच येतात.