दुर्बिणीत काहीच सापडत नाही? आधी फाइंडर जुळवा

पहिल्या रात्री काही सापडलं नाही म्हणून दुर्बिणीला दोष देऊ नका. बहुतेक वेळा फाइंडर (मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी दुर्बीण) जुळवलेला नसतो, आणि तो अंधारात जुळवणं नवख्याला फार जड जातं. दिवसाउजेडी लांबच्या मनोऱ्याचं टोक मुख्य दुर्बिणीच्या मध्यात आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर घ्या. सूर्याकडे मात्र दुर्बीण चुकूनही वळवू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सुरुवातीलाच मोठं वर्धन. शोधताना २५ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावा, त्याचं वर्धन कमी असतं. वस्तू मध्यात आली की मगच १० मिमी.

सुरुवात चंद्रापासून, मग गुरू, शनी. नंतर मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग): बाणाचे तीन तारे पकडा, तिथून थोडं दक्षिणेला सरका. तो करड्या धुरासारखा दिसेल, फोटोतले रंग दिसणार नाहीत. पण तुमच्या डोळ्यात शिरणारा तो प्रकाश सुमारे १,३०० वर्षांपूर्वी निघालेला आहे!

- डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं द्या, मोबाइल खिशातच ठेवा.
- वस्तू दृश्यातून सरकत जाते, कारण पृथ्वी फिरते. हळूहळू पाठलाग करा.

फोटोग्राफी, फिल्टर वगैरे सध्या बाजूला ठेवा.