दुखणं चढाचं नव्हे, उताराचं

पावसाळा सुरू झाला की सोमवारी-मंगळवारी येणाऱ्यांची चाल मी दारातूनच ओळखते. कठडा धरून, आडवं होत, एकेक पायरी उतरणं. खुर्चीत बसताना दोन्ही हात टेकायचे आणि शेवटच्या वीतभर अंतरात धपकन अंग सोडून द्यायचं. आदल्या रविवारी कुठला तरी गड झालेला असतो. या वेळची बरीच पत्रं याच दुखण्याविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेते.

प्रश्न : रविवारी आम्ही मैत्रिणी सिंहगड चढलो. चढताना धाप लागली, उतरताना मात्र गप्पा मारत आलो. सोमवारी थोडं जाणवलं आणि मंगळवारी मांड्या इतक्या भरून आल्या की उकिडवं बसता येईना. त्रास चढताना झाला, मग दुखणं दोन दिवसांनी कसं आलं? (एक वाचक, पुणे)

तुमचं दुखणं त्या गप्पा मारत उतरण्याचं आहे. घरातल्या जिन्यावर एकदा करून पाहा. पायरीवर उभ्या राहा, तळहात मांडीच्या पुढच्या भागावर ठेवा आणि दुसरं पाऊल अगदी सावकाश खालच्या पायरीवर टेकवा. हाताखालचा स्नायू टणक झालेला लागेल. आणि गुडघा वाकत असल्यामुळे नेमका त्याच क्षणी तो लांबतही असतो. रस्सीखेचीत पूर्ण जोर लावूनही आपला गट पुढे ओढला जातो ना, तसं. भरलेली कळशी ओट्यावरून हळू खाली ठेवताना दंडाचा स्नायू हेच काम करतो.

अशा कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही. मात्र तेवढंच वजन पेलायला स्नायूतले कमी तंतू कामाला लागतात आणि प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो. तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म खणांची लांबच लांब साखळी. एक खण साधारण अडीच मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये चारशेच्या आसपास. सगळे खण सारख्या ताकदीचे नसतात. ताणाखाली साखळी लांबू लागली की दुबळे खण आधी प्रमाणाबाहेर ताणले जातात, काही विस्कटतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन खणांमधली सरळ रेघ नागमोडी झालेली, कुठे फिसकटलेली दिसते. तंतूचं आवरणही ठिकठिकाणी गळकं होतं, कॅल्शियम आत शिरतं आणि तंतूतली प्रथिनं तोडणारी विकरं जागी होतात.

एवढं सगळं गडावरच होऊन गेलेलं असतं. शेवटच्या टप्प्यात पाय लटपटले असतील, तर स्नायूची ताकद तेव्हाच कमी झाली होती. ती दुखण्याच्या आधी उतरते, हे लक्षात ठेवा. गडावरून उतरताना पाय घसरतात त्यात याचा वाटा असतो.

मग दुखणं उशिरा का? दुखण्याची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंची टोकं तंतूच्या आत नसतात, तंतूंभोवतीच्या आवरणांत असतात. पुढचे काही तास आणि दिवस पांढऱ्या पेशी येतात, मोडतोड उचलतात, सूज धरते. जपानमध्ये नागोया येथे काझुए मिझुमुरा यांच्या गटाने उंदरांवर केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. व्यायामाच्या वेळी स्नायूत ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन सुटतं, त्याच्या इशाऱ्याने काही तासांनंतर मज्जातंतू-वृद्धी घटक तयार होऊ लागतो आणि तो त्या टोकांना हळवं करून ठेवतो. ब्रॅडिकायनिन अडवणारं औषध व्यायामाआधी दिलं तर दुखरेपणा आला नाही, नंतर दिलं तर उपयोग झाला नाही. उलट वृद्धी घटकाला बांधून टाकणारं प्रतिपिंड दोन दिवसांनी दिलं तरी दुखरेपणा ओसरला. म्हणूनच तुम्ही स्वस्थ बसलात तर फारसं दुखत नाही, पण दाबलं, ताणलं किंवा उकिडवं बसलं की कळ येते. एरवी साधा वाटणारा ताण त्या टोकांना दुखणं म्हणून कळतो. चोवीस ते बहात्तर तासांत हे शिगेला पोहोचतं आणि पाच-सात दिवसांत जातं.

प्रश्न : आमचे जिमचे सर म्हणतात, पायात लॅक्टिक ॲसिड साचलंय, चोळून काढावं लागेल. खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

नाही. स्नायू जोरात काम करताना लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच रक्तातलं रूप) वाढतं, पण व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते पूर्वपदावर येतं. हृदय आणि इतर स्नायू ते चक्क इंधन म्हणून वापरतात. तिसऱ्या दिवशी चोळून काढायला काही उरलेलंच नसतं.

याचा निकाल 1983 सालीच लागला. अमेरिकेतल्या संशोधकांनी काही लोकांना ट्रेडमिलवर 45 मिनिटं धावायला लावलं, एकदा सपाटीवर आणि एकदा 10 टक्के उतारावर. सपाटीवर रक्तातलं लॅक्टेट वाढलं, पण नंतर विशेष दुखलं नाही. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही आणि पाय मात्र चांगलेच दुखले. त्याच्याही कितीतरी आधी, 1902 मध्ये, थिओडोर हफ यांनी दमल्यावर लगेच होणारं दुखणं आणि तासांनंतर येणारं दुखणं ही दोन वेगळी प्रकरणं असल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्याचं कारण त्यांनी स्नायूतली बारीक फाटाफूट असं दिलं. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी हा समज जिममधून हटत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण त्यापायी लोक दुखऱ्या मांड्या अंगठ्याने रगडून घेतात.

प्रश्न : आजोबा तालमीत जायचे. ते म्हणतात, अंग धरलं तरी दुसऱ्या दिवशी बैठका मारायच्याच, मग मोकळं होतं. मी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करतोय. आजोबांचं ऐकू की विश्रांती घेऊ? (एक वाचक, कराड)

आजोबांचं अर्धं ऐका. हालचालीने दुखणं तात्पुरतं कमी होतं, हा सर्वांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. चाला, सायकल चालवा, दहा-पंधरा हलक्या बैठका काढा. काल शंभर काढल्या म्हणून आज पुन्हा शंभर, हे मात्र नको. ताकद अजून उतरलेली असते, तोल आणि सांधे धोक्यात येतात.

तालमीतल्या जुन्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : एकदा अंग दुखून गेलं की तोच व्यायाम पुन्हा तितका बाधत नाही. शरीरक्रियाशास्त्राने याचा बराच अभ्यास केला आहे. एका वेळच्या व्यायामाने मिळालेलं संरक्षण काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतं. याचं एक कारण उंदरांत दिसलं. उतारावर पळवलेल्या उंदरांच्या मांडीतल्या तंतूंमध्ये चढावर पळवलेल्यांपेक्षा जास्त सार्कोमिअर एकापुढे एक जोडलेले सापडले. साखळीत खण वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा ताण कमी होतो. मज्जासंस्थाही काम जास्त तंतूंत वाटायला शिकते आणि आवरणं चिवट होतात.

यातली खरी मौज अशी की हे संरक्षण मिळवायला आधी जबर दुखवून घ्यावं लागत नाही. थोडक्या, हलक्या उतारानेही ते मिळतं. तुमच्या स्पर्धेत आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. बहुतेक जण सराव चढाचा करतात, कारण धाप तिथे लागते. तुम्ही आठवड्यातून एकदा उताराचा सराव करा : पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, आखूड पावलं, मग दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवा. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात मोठा उतार नको.

प्रश्न : वेदनाशामक गोळी, बर्फाचं पाणी, मालीश, ताणाचे व्यायाम : यातलं काय करू? (दोन-तीन पत्रांत)

ताणाच्या व्यायामाने, आधी केला काय नि नंतर केला काय, नाममात्र फरक पडतो. मालीश हलक्या हाताने केलेली बरी वाटते, जरूर करा. थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवल्याने दुखणं काहीसं कमी होतं. परंतु ताकदीच्या व्यायामानंतर दर वेळी असं केलं तर स्नायूंची वाढ मंदावते, हे दिसून आलं आहे. पेशी जे दुरुस्तीचं काम करायला आलेल्या असतात, त्यात आपण हात घालतो. गोळीचं म्हणाल तर एखाद्या रात्री झोप लागत नसेल तेवढ्यापुरती, आणि तीही डॉक्टरांना विचारून. घाम गाळून आल्यावर, पाणी कमी पडलेलं असताना आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका. मूत्रपिंडावर दुहेरी भार येतो.

प्रश्न : मित्रांनी पैज लावली म्हणून धाकट्या भावाने एका दमात तीनशे बैठका काढल्या. आज दुसरा दिवस. मांड्या सुजून दगड झाल्यात आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय. हे तेच दुखणं का? (एक वाचक, सोलापूर)

हे पत्र हाती पडताच मी यांना फोन करून भावाला लगेच रुग्णालयात न्यायला सांगितलं. इथे छापते ते इतरांसाठी.

हे साधं दुखणं नव्हे. स्नायूंचे तंतू मोठ्या संख्येने फुटले की त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. त्यानेच लघवी चहा किंवा कोलाच्या रंगाची होते. हे मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करतं, तर रक्तात सुटलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. तपासणीत एक खूण अनेकदा सापडते : लघवीची पट्टी रक्त दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत. रक्तातलं क्रिएटिन कायनेज (स्नायूंमधून सुटणारं विकर) एरवी लिटरमागे शे-दोनशे युनिटच्या घरात असतं, अशा रुग्णात ते हजारोंत जातं. वेळेवर सलाईन सुरू झालं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

उन्हातला व्यायाम, ताप, पाण्याची कमतरता आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांनी धोका वाढतो. त्या गोळ्या घेणाऱ्यांनी मनाने बंद मात्र करू नयेत, स्नायू कारण नसताना दुखत असतील तर डॉक्टरांना सांगावं. लघवीचा रंग, दाबली न जाणारी सूज, पाय उचलताच न येणं : यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : महिनाभर व्यायाम करतेय, आता अजिबात दुखत नाही. म्हणजे फायदा थांबला का? (एक वाचक, मडगाव)

थांबलेला नाही. दुखणं नवखेपणाचं माप आहे, वाढीचं नाही. स्नायू दुखण्यावाचूनही वाढतो. पहिल्या दिवशी किती वजन उचललंत आणि आज किती उचलता, हे एका वहीत लिहून ठेवा आणि दर पंधरवड्याला तेवढंच पाहा.